पालीचा पोळ

“आत कोण ऱ्हातंय, ते बगा!” खुर्दबिणीवरचा डोळा न उचलता आमचे सालोत्रीसाहेब म्हणायचे आणि डाव्या हातानं हवेतच मला बोलवायचे. जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा सालोत्री म्हणत, आणि सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीण. नेकनूरच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली मलमपट्टी करायचो. राज्य निजामाचं, बाजाराच्या दिवशी बैलांची रीघ, आणि हा गृहस्थ खिडकीतल्या उजेडात मणके घेऊन बसलेला! तुम्ही असतात तर हसला असतात. मी तर तोंडावर हसायचो.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिच्या पोटातला मऊ गर ते वस्ताऱ्यानं पापुद्र्याएवढा पातळ कापायचे, रंगवायचे, काचेवर ठेवायचे. डुकराच्या गरात मोठमोठ्या पेशी दिसत, साबणाच्या फेसासारख्या दाटीवाटीनं बसलेल्या. सशातही त्याच. “जन्माच्या आदीपास्नं हायती ह्या,” ते हळू आवाजात सांगायचे, जणू पेशींची झोपमोड होईल. “डुक्कर थोर झालं तरी घर सोडत न्हाईत.” मेंढीत, गाईत, बैलात मात्र त्या नसत. तिथं कूर्चेतल्यासारख्या चिमुकल्या गोल पेशी, एकेकट्या, लांब लांब. “गेल्या कुटं?” असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहायचे. बाहेर एखादा बैल डोळे मिटून रवंथ करायचा, ऊन भिंतीवरून सरकायचं. काय सांगू, त्या दुपारी संपूच नयेत असं मला वाटायचं.

त्यांचं म्हणणं असं, की बैलातल्या त्या पेशी जुवाच्या ओझ्यानं जातात.

“साहेब, मेंढीला कुठं जू असतं?” मी विचारायचो.

“मेंढीचं येगळं.”

“आणि गाईला?”

“गाय वितीया. तिचं वज्झं येगळं. तुमी पट्ट्या बांदा.”

एवढा हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट ऐकून घेईना! कारण मला पुढं कळलं. मिसरूड फुटायच्या वयात, वडील आजारी असताना, त्यांनी पेरणीला एक आदत गोऱ्हा जुंपला होता. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत असा. तिसऱ्या तासाला तो मागच्या पायांवर बसला, तो पुन्हा उठलाच नाही. “माज्याकडं बगत हुता वो,” एवढंच ते म्हणाले, आणि मी त्या दिवसापासून हसणं सोडलं.

त्यांना एकच जनावर हवं होतं: जू कधीच न लागलेला, पुरा वाढलेला बैल. असा बैल मिळणार कुठं? पाली गावाला होता. देवाला सोडलेला पोळ. कुणाच्याही रानात चरावं, कुणी हाकलू नये. एक म्हातारे मेंढपाळ अण्णा त्याची देखभाल करत. पोळाचे खूर सडले होते. साहेब दर महिन्याला जाऊन ते धुवायचे. त्याच्या मरणाची वाट बघणारा हा माणूस त्याला दोन वर्षं जगवत होता, आता बोला!

पोळ गेल्याचा निरोप आला तेव्हा खुर्दबीण मांडीवर घेऊन साहेब बैलगाडीत बसले. पालीत खड्डा तयार होता, गुलाल उधळला होता. सुरीचं नाव कोण काढणार? साहेब तर पिशवी पाठीमागं धरून उभे. शेवटी अण्णाच पुढं आले.

“सायेब, लई केलं तुमी ह्याचं. काय पायजे ते घ्या. पर माघारी आणून द्या. सांजपत्तूर माती लोटत न्हाई.”

साहेबांनी पोळाच्या मणक्यांमधली एक गादी काढून घेतली आणि लिंबाखाली खुर्दबीण मांडली. साहेबांनी बराच वेळ पाहिलं आणि ते बाजूला झाले. आज काही मला बोलावलं नाही. मीच डोळा लावला. चिमुकल्या गोल पेशी, एकेकट्या, लांब लांब.

“साहेब, जुवाचा दोष नाही!” मी जवळजवळ ओरडलो. “न जुंपताही जातातच त्या. सुटलात तुम्ही!”

त्यांनी काच पुसली. “जू सुटलं, भाऊ. मी न्हाई. गोऱ्हा आदत हाय, हे मला तवा दिसत हुतं.” मग तो गादीचा तुकडा त्यांनी स्वतः खड्ड्यात उतरून पोळाच्या पाठीशी ठेवला.

त्यानंतर खुर्दबीण कपाटात गेली. बाजारात मात्र ते गोऱ्ह्यांची तोंडं उघडून बघत आणि धन्याला दटावत, “औंदा न्हाई. थांबा.” लोक कुरकुरत, पण ऐकत. पुढं तापाची साथ आली. चार दिवसांत साहेब गेले. मला अजूनही ते खरं वाटत नाही.

साथ ओसरल्यावर लांबच्या वस्तीवरचा एक शेतकरी दारात आला. सोबत तांबडा गोऱ्हा.

“सायबांनी थांब म्हणलतं. आता दोन दात आल्यात. जुपू का, इचारायला आलतो. सायेब कुटं गेलेत?”

मी गोऱ्ह्याचं तोंड उघडलं. दोन पक्के दात स्वच्छ दिसत होते. जुंपा म्हणायला काहीच हरकत नव्हती.

“अजून एक साल थांबा,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि गोऱ्ह्याला घेऊन तो आल्या वाटेनं घरी गेला.