अण्णांनी बांगडीला शिकवलं तेव्हा

शाळेत मी तिसरा तास घेत होते आणि शिपायाने येऊन सांगितलं की घरून फोन आहे. आमच्या घरून शाळेत सहसा फोन येत नाही. त्यातून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतः फोन लावल्याचं मला आठवतच नव्हतं. पलीकडून त्या अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "वैशाली, घाई करू नकोस. रिक्षा करून नीट ये. प्रमोदला कळवलंय." एवढंच. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही... प्रमोद म्हणजे माझा नवरा, लेक मनू शिकायला मुंबईत. तिच्याविषयी असतं तर आईंचा आवाज असा राहिला नसता. मग उरलं कोण? घरी पोचले तेव्हा अण्णा, माझे सासरे, पडवीतल्या आरामखुर्चीतच होते, पेपर मांडीवर. वाचता वाचता गेले. आईंनी त्यांचा चष्मा काढून, पदराने पुसून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे लोक त्यांना ठाऊक असलेले अण्णा सांगत बसतात. कोणी पोफळीच्या वीजघरातले, कोणी कॉलनीतल्या गणपतीचे, कोणी शिफ्टला कधी उशीर न करणारे. ते सगळे अण्णा खरेच असणार, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. मला माझे सासरे कळले ते एका मांजरीमुळे. असं म्हटलं की लोकांना हसू येतं. येऊ दे.

अण्णा अठ्ठ्याण्णव साली निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोफळीला काढली. डोंगराच्या पोटातलं ते वीजघर, तिथल्या पाळ्या, मिळेल त्या सुट्टीला एसटीने घरी, आणि आल्यावर झोप. अण्णांची आई अंथरुणाला खिळलेली, मुलांच्या शाळा इथे, त्यामुळे आई रत्नागिरीतच राहिल्या. घर त्यांनी एकटीने चालवलं. मग एक दिवस ट्रंक आणि वळकटी घेऊन अण्णा कायमचे आले आणि त्यांना स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत नव्हतं. "जरा बाजूला होता का, केर काढायचाय," असं आई म्हणाल्या की ते खुर्चीसकट उठत, जणू पाहुणे. दोघं एकमेकांशी बोलत ते गॅस संपला, डॉक्टरांनी कधी बोलावलंय, आज बाजारात सुरमई होती का, इतकंच. भांडण नव्हतं. भांडायला लागते तेवढी ओळखही नव्हती, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्या वर्षी मागच्या परसात एक मांजरीचं पिल्लू आलं आणि राहिलं. पाठीवर बांगडा माशासारखे काळसर पट्टे, म्हणून मनूने तिचं नाव बांगडी ठेवलं. बांगडी दिसायला देखणी आणि वागायला महाबिलंदर निघाली. मासळी साफ करायला घेतली की ओट्यावर उडी. बैठकीतल्या सोफ्याच्या कडा तिने ओरबाडून सोडल्या. पण तिची सगळ्यात वाईट सवय म्हणजे पायात येणं, आणि तेही फक्त आईंच्या. सकाळी आई स्वयंपाकघरात शिरल्या रे शिरल्या की ही त्यांच्या दोन पायांतून आठाचा आकडा काढत फिरायची. "थांब गो बाय, देत्ये," म्हणत आई तशाच अडखळत दुधाच्या भांड्याकडे जायच्या.

एका सकाळी त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यात पडल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हाताला प्लास्टर घालून आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा प्रमोद संतापला होता. आईला इतकं पांढरंफटक झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने परसातून गोणपाटाची पिशवी आणली आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता मिरकरवाड्याला सोडून येतो. मासळीच्या बंदरावर काही उपाशी नाही मरायची." मनूने बांगडीला उराशी धरलं आणि रडून घर डोक्यावर घेतलं. आई एका हाताने तिला जवळ ओढत म्हणत होत्या, "अरे, मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय..." आणि प्रमोद ओरडला, "उद्या डोकं आपटलं असतं म्हणजे?"

तेव्हा अण्णा उठले. एरवी घरातल्या कुठल्याही गोष्टीत ते बोलत नसत.

"प्रमोद, आईचं प्लास्टर निघेपर्यंत थांब."

"कशाला?"

"आमच्याकडे मशीन ट्रिप होऊन बंद पडलं की आधी कारण शोधायचं. कारण न बघता पुन्हा चालू करायचं बटण दाबणाऱ्याला घरी पाठवत. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा हिच्या पायात आली, तर मी स्वतः तिला बंदरावर नेऊन सोडीन. तू म्हणायची वाट बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पाहते तो अण्णा स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलेले. काही करत नव्हते, नुसते बघत होते. असे ते बरेच दिवस बसले. मी आत गेले की बांगडी डोळे किलकिले करून पुन्हा झोपे. प्रमोद गेला तर मानही वळवत नसे. आई आल्या की मात्र उठलीच. अखेर एका सकाळी अण्णा म्हणाले, "सापडलं. मांजराचा काही दोष नाही. तुझा आहे." आई गळ्यात अडकवलेला हात सांभाळत दारात उभ्या होत्या. "माझा?" "हो. ती पायात येते, तुला अडचण होते, तू तिला गप्प करायला आधी दूध देतेस. तिच्या लेखी पायात आलं की बशी येते. तू तिला रोज शिकवलंस, ती शिकली. हुशार आहे."

आईंना हे लागलं. त्या दिवशी त्या अण्णांशी बोलल्या नाहीत. पण अण्णांनी बांगडीला शिकवायचं ठरवलं त्याला मनाई केली नाही हेही खरं.

अण्णांचं शिक्षण साधं होतं, कठीण होतं ते आम्हाला. आई उठायच्या आधी बांगडीचं खाणं मागच्या पडवीत, एका तरटाच्या तुकड्यावर. खाणं तिथेच मिळणार, दुसरीकडे कुठेही नाही, कोणाच्याही हातून नाही. ती तरटावर नुसती बसली तरी अण्णा च्-च् करून चिमूटभर सुका जवळा पुढे टाकत. पायात आली तर जो असेल त्याने खांबासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, ढकलायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. ओट्यावर चढली की उचलून खाली, पुन्हा चढली की पुन्हा खाली, आणि चेहऱ्यावर राग नको. "रागावलात तर तिला तोही खेळ वाटेल." सोफ्याशेजारी त्यांनी सुपारीच्या झाडाचा एक ओंडका उभा केला आणि त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. भाट्याहून ओळखीच्या माणसाकडून दोरी आणताना ती कशाला हवी ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणाले.

सुरुवातीला बांगडी सुधारण्याऐवजी बिघडली. दूध येईना तसा तिने गळा काढला, एकदा आईंच्या घोट्याला दात लावले. आईंचा जीव राहीना. "अहो, द्या हो तिला. कीव येते."

"आता दिलंस तर ती शिकेल की नुसतं पायात येऊन भागत नाही, चावावंही लागतं," अण्णा म्हणाले. "थोडी कळ काढ. ती जुनं दार ठोठावून बघत्ये. उघडत नाही म्हटल्यावर नव्याकडे जाईल."

आणि आम्ही? मनू ताटातली कोळंबीची डोकी फ्रॉकच्या खिशात घालून नेताना पकडली गेली. त्याहून वरचढ म्हणजे बंदरावर सोडायला निघालेला प्रमोद. एका दुपारी जेवताना त्याने बांगड्याचं डोकं हळूच टेबलाखाली सोडलं, आणि वर पाहतो तर समोर अण्णा. उठून त्यांनी ते डोकं उचललं, मागच्या पडवीत नेऊन तरटावर ठेवलं, हात धुतले आणि पुन्हा जेवायला बसले. प्रमोद कानापर्यंत लाल झाला होता. आई त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मी मात्र त्या दिवसांत वेगळंच काही ऐकत होते. मांजरीसाठी पहाटे उठायचंच म्हणून सकाळचा चहा अण्णांकडे आला. आईंचा हात बांधलेला, त्यामुळे त्या दाराशी स्टुलावर बसून सांगायच्या आणि अण्णा करायचे. "अहो, पाण्याला आधण येऊ दे, मग पूड." "आलं किसायचं, तुकडे नाही टाकायचे." मी पलीकडच्या खोलीत मनूची वेणी घालत असायची आणि भिंतीपलीकडून हे कानावर यायचं. हळूहळू चहापलीकडचंही येऊ लागलं. एकदा अण्णा म्हणत होते, "पहिले काही महिने मला आत बोगद्यात भीती वाटायची. वर अख्खा डोंगर. मशीन घरघरतंय तोवर ठीक, थांबलं की वाटायचं, आता बसला..."

पलीकडे चहा गाळल्याचा आवाज आला.

"मला कधी बोलला नाहीत," आई म्हणाल्या.

"तू तरी कुठे विचारलंस?"

"केव्हा विचारू? यायचात ते झोपायचात. मला वाटायचं, तुम्हाला तिथेच बरं वाटतं."

"बरं नव्हतं वाटत गो," अण्णा म्हणाले.

माझा हात मनूच्या वेणीत तसाच थांबला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्या दोघांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच उठून बसलो होतो, मनूसुद्धा. आदल्या रात्री ती बांगडीला कानात काहीतरी बजावून झोपली होती. अण्णांनी मुद्दामच त्या दिवशी खाणं आधी दिलं नाही. "हिला बघून काय करते ते कळायला हवं," म्हणाले, पण त्यांचाच चेहरा उतरला होता. आई एकट्या आत गेल्या. बांगडी उठली, अंग ताणलं, शेपटी उभी करून त्यांच्या रोखाने निघाली. प्रमोदने श्वास रोखलेला मला दिसला. आईंच्या पायांपासून हातभर अंतरावर ती थबकली, त्यांच्या तोंडाकडे बघून एकदा म्यांव केलं, आणि वळून मागच्या पडवीत जाऊन तरटावर बसली. मनू आनंदाने किंचाळली. आई डोळे पुसत होत्या आणि अण्णांना म्हणत होत्या, "अहो, उभे काय राहिलात, जवळा द्या ना तिला!" संध्याकाळी प्रमोदने बाजारातून बांगडीसाठी नवी जर्मनच्या पत्र्याची थाळी आणली.

पुढे आळीत बातमी पसरली आणि ज्यांच्या मांजरांना काही ना काही खोड होती ते अण्णांकडे येऊ लागले. अण्णा त्यांना विचारायचे, "मांजर राहू दे. घरात माणसं कोण कोण आहेत?" अर्ध्याअधिकांना ते आवडायचं नाही. बांगडी आमच्याकडे चांगलं आयुष्य काढून गेली. तिला मागच्या परसात रायआवळ्याखाली पुरल्यावर मनूने दुसरं पिल्लू आणायचा हट्ट धरला, तर अण्णा म्हणाले, "मांजराचं काही नाही, पण पुन्हा एवढ्या माणसांना शिकवायचं त्राण आता माझ्यात नाही." माझ्यापुरतं म्हणायचं तर मी त्यांची सून असले तरी त्यांची विद्यार्थिनीच राहिले. वर्गात कोणी पुन्हापुन्हा दंगा करायला लागलं की आजही माझ्या मनात पहिल्यांदा येतं, याला यातून मिळतंय काय?

आईंचा हात बरा झाला तरी सकाळचा चहा अण्णांकडेच राहिला आणि तो शेवटपर्यंत वाईट होत असे. कधी पूड आधी, कधी साखर दुप्पट, कधी दूध उतू. इतक्या नेमक्या माणसाला एवढी एक गोष्ट कशी जमत नाही याचं आम्हाला नवल वाटायचं. आई रोज दाराशी बसून रोज तेच सांगायच्या.

पाहुणे परतल्यावर एका सकाळी मी चहा केला. आई येऊन बसल्या, घोट घेतला, म्हणाल्या, "छान झालाय." मग थोड्या वेळाने, "त्यांनाही येत होता."

मला कळेना. "अण्णांना?"

"मी पूर्णगडला भावाकडे राहायला जायची, तेव्हा तुम्हाला चहा कोण द्यायचं?"

मी आठवून पाहिलं. अण्णाच द्यायचे. आणि चांगला असायचा... अगदी चांगला. आई घरी नाहीत, सांगायला कोणी नाही, तरी आधण आल्यावरच पूड पडलेली असायची. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"म्हणजे मुद्दाम चुकवायचे?"

"मी येऊन बसावं म्हणून."

"आणि तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच वर्षी. प्लास्टर निघालं त्यानंतर लगेच."

"मग बोलला नाहीत?"

आई कपाकडे बघत होत्या. "कशाला बोलू गो?" म्हणाल्या. "मलाही बसायचं असायचं."

अजूनही त्या त्याच वेळी उठतात आणि दाराशी येऊन बसतात. वय झालंय, थंडी आहे, थोडं उशिरा उठा, असं प्रमोद त्यांना सांगायला निघाला होता. मीच त्याला नको म्हटलं.