कुंदाताई आणि रोह्याचा काकाकुवा

कुंदाताई प्रश्न विचारल्याशिवाय वांगंसुद्धा घेत नसत. कुठल्या शेतातलं, कधी तोडलं, पाणी कसलं दिलं? पेणच्या बाजारात त्या लांबून दिसल्या की भाजीवाल्या एकमेकींना म्हणायच्या, "आली गो, परीक्षा आली!" गणिताच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, उलटतपासणी मात्र चालूच होती. त्यांच्याच शाळेत नवी लागलेली मी त्यांची शेजारीण.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. रोह्याचे इस्माईलचाचा मुलीकडे महाडला राहायला निघाले होते. जहाजावर नोकरीला असताना आणलेला पांढराशुभ्र, कोंबड्याएवढा काकाकुवा त्यांना कुणालातरी द्यायचा होता. नातीला दमा, आणि पक्ष्याच्या पिसांतून सारखी पांढरी भुकटी झडायची. शिवाय त्याला फिट यायच्या. वडखळचा एक हॉटेलवाला त्याला दारात टांगायला तयार होता.

हे कळताच कुंदाताई मला घेऊन रोह्याला गेल्या. वहीत सव्वीस प्रश्न.

"फिट आली तर काय करायचं?"

"टॉवेलात गुंडाळायचा, काळोख करायचा, गप बसायचं," चाचा म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब. शेंगदाणा नाय, शेव नाय. माझी नजर गेली हो बाई, थेंब चुकतात."

एकोणिसाव्या प्रश्नाला पिंजऱ्यातून बाईचा आवाज आला, "किती बोलता! गप बसा आता!"

मला हसू आवरेना. चाचा मान खाली घालून म्हणाले, "आमची बीबी हाय ती. दोन सालं झाली जाऊन."

कुंदाताईंनी वही मिटली. उरलेले सात प्रश्न त्यांनी कधीच विचारले नाहीत.

तरी होकार द्यायला चार दिवस घेतले. पेणचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, मी म्हशी बघतो!" मग कुंदाताईंनी त्यांनाच पक्ष्यांवरची पुस्तकं आणायला लावली. खरी अडचण वजाबाकीची होती. त्या एकसष्टच्या, पक्षी तिशीचा, आणि ही जात साठ वर्षं जगते. चौथ्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"तुला दमा?"

"नाही."

"पिसांचं वावडं? झोप सावध?"

मला वाटलं, स्थळ आलंय. मी लाजून उत्तरं दिली. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "छान. माझ्यामागे तू." मला पक्षी आवडतात का, हे काही विचारलं नाही.

माझ्यावर ती वेळ आलीच नाही. काकाकुवा सहा वर्षांनी एका फिटमधून उठलाच नाही. त्यानंतर चार वर्षांनी कुंदाताई गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला पहिल्या ईदची दुपार दिसते.

चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले होते. पक्ष्याने त्यांच्याकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि तुरुतुरु कुंदाताईंच्या खांद्यावर चढला. चाचांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"रागावलाय तुमच्यावर," कुंदाताई घाईने म्हणाल्या. "तुम्हाला सोडून आला तेव्हा आठवडाभर अन्नाला शिवला नव्हता."

"खरं?" चाचांचा चेहरा उजळला.

"विचारा हिला."

मी मान डोलावली. त्याला रोह्याहून आणताना नागोठण्याच्या स्टँडवरच त्या पठ्ठ्याने माझा अख्खा पेरू फस्त केला होता. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुणही न देणाऱ्या कुंदाताई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.