सगुणेचे पेढे

अकोल्यातले एक काका मोडी वाचतात. आमच्या घरातल्या जुन्या पत्रांचा गठ्ठा घेऊन मी दर रविवारी अमरावतीहून त्यांच्याकडे जायचे. ते पत्र आधी हुंगायचे, मग भिंग लावायचे आणि एकदम ओरडायचे, "पोरी, तुह्या घरी पोरगा झाला वं!" पोरगा शंभर वर्षांपूर्वीचा असायचा, तरी पेढे मला आणावे लागत.

सगळे पोरगेच. वंशावळीतही नुसते पुरुष. पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

शेवटी पणजोबांना त्यांच्या मेहुण्यानं धामणगावहून लिहिलेलं पत्र निघालं. काकांनी वाचलं, "आमच्या सगुणेस दिवाळीला पाठवावे." मग उडालेच. "सापडली वं तुही पणजी!" मला न विचारता त्यांनी वंशावळीत पणजोबांशेजारी, त्यांच्याहून मोठ्या अक्षरात 'सगुणा' लिहिलं आणि चपला घालून बाहेर पळाले.

मुलगी झाली की आमच्याकडे बर्फी वाटतात. काका बर्फी घेऊन आले तर काय काय सुनावायचं, ते मी ठरवून ठेवलं.

ते धापा टाकत आले. पुड्यात किलोभर पेढे होते.

"पाहून काय राहिली? गल्लीत वाटून ये नं!"