आडोसा

आमच्या बिल्डिंगच्या शेजारी बांधकाम सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या आधी नाकं मुरडणारी मीच होते. उभी हयात शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून काढली, आता कुठे गॅलरीत बसून निवांत चहा प्यावा म्हटलं, तर समोर मिक्सरची घरघर. पण रत्नागिरीत आता कुठेही राहा, शेजारी काहीतरी उभं राहतच असतं. तक्रार करून करून कोणाकडे करणार?

मजूर विजापूरकडचे होते. कंपाउंडला लागून त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्या ठोकल्या. पाण्याला एक टाकी, मागे एक संडास आणि त्याला दाराऐवजी पोतं. न्हाणी नव्हतीच. इतक्या माणसांनी आंघोळ कुठे करायची, हा विचार कुणाच्याही नकाशात नव्हता.

तो बायकांनी स्वतःच केला. नवा स्लॅब तडकू नये म्हणून त्यावर छोटे बांध घालून पाणी साठवतात, आपल्याकडच्या भाताच्या खाचरासारखं. पहाटे, पुरुष उठायच्या आत, बायका तिथे चढायच्या. एकीने साडी आडवी धरायची, दुसरीने तिच्याआड आंघोळ उरकायची. त्या पाण्याने अंगाला खाज सुटते, हे मला नंतर कळलं. पहिला स्लॅब फणसाच्या झाडाआड होता, तोवर कुणाला काही कळलं नाही. दुसरा बरोबर आमच्या गॅलऱ्यांसमोर आला. मी पहाटे गॅलरीत जायचं बंद केलं. सगळ्यांनी केलं नाही.

त्यांच्यातली एक बाई अधूनमधून माझ्याकडे प्यायचं पाणी भरायला यायची. एकदा कळशी भरून झाली तरी ती दारातून हलेना.

"आक्का, पोरगी शाणी झाली माझी," ती म्हणाली. "आता तिला वर स्लॅबवर न्यायला भ्या वाटतंय. समोर मानसं हुबी ऱ्हातात. तुमच्याकडं न्हाणीला दार हाय."

मी म्हटलं, "मग घेऊन ये की. विचारायचं काय त्यात?"

ती आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि सगळंच सांगून मोकळी झाली. तिचा भाऊ कधीपासून या मुलीला आपल्या मुलासाठी मागत होता. हिला मुलीला शिकवायचं होतं. पण अशा उघड्यावर वाढत्या मुलीला किती दिवस ठेवणार? इथे सोय झाली नाही, तर गावी नेऊन लग्न लावून टाकायचं, असं नवरा-बायकोचं ठरत आलं होतं.

मुलगी नगरपालिकेच्या शाळेत आठवीत होती. आईची बोली विजापूरची, हिची मात्र, लहानपणापासून रत्नागिरीतच साइटसाइटवर वाढल्यामुळे, थेट आमच्या गल्लीतली. पहिल्या दिवशी ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडीचा आवाज येतच राहिला. लावली, काढली, पुन्हा लावली. मग हाक आली, "काकी, जरा बाहेरसून ढकलून बघा हां!" मी ढकललं. दार उघडलं नाही. आत ती खुदकन हसली. मग रोजच हे व्हायला लागलं. केस पुसत ती बाहेर यायची, माझ्या टेबलावर बसून गृहपाठ करायची आणि माझ्या हातचे आंबोळी-चटणीचे दोन घास खाऊन शाळेत पळायची. मला त्या मुलीचा लळा लागला, हे सरळ सांगून टाकते.

उन्हाळा चढला, नळाचं पाणी दिवसाआड झालं, आणि सोसायटीची मीटिंग बसली. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं लोण्यासारखं. "काकू, तुमच्या मनाचा मोठेपणा आम्हाला मान्य आहे. पण आज एक येते, उद्या वीस येतील."

"येऊ देत," मी म्हटलं. "न्हाणीघर एकच आहे, रांग लावतील."

सगळे हसले आणि ठराव झाला. माझी आई गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून तिच्या हंड्यात पाणी ओतेल याची वाट बघत. ते मीटिंगमध्ये माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले असते तर 'काकू, तो विषय वेगळा' असं उत्तर आलं असतं, म्हणून गिळलं.

दुसऱ्या दिवशी खाली वॉचमनने मुलीला अडवलं. मी तरातरा खाली गेले. तो बिचारा माझ्याशी नजर मिळवेना. "काकू, माजा नाय वो यात काय. वॉचमनचा जीव केवढा? कमिटीने सांगितलानी, कामावरच्या कोनाला वर सोडू नको."

"मी हाताला धरून नेते. बघू कोण अडवतो!" असं म्हणून मी पत्र्याच्या खोल्यांकडे निघाले. मुलीचा हात धरलाही, पण तिच्या आईनेच तो सोडवला. ठेकेदाराने तिला दम भरला होता. बिल्डिंगवाल्यांची तक्रार आली तर बिऱ्हाड उचलायचं, असा. "नको आक्का," ती म्हणाली. "काम गेलं तर दोघींचं बी काय खरं नाय."

मग मी ठेकेदाराला गाठलं. तो आमच्याच शाळेत शिकलेला. मला बघून खुर्ची दिली, चहा मागवला, वाकून नमस्कार केला. "बाई, तुम्ही कशाला आलात, फोन करायचा. बायकांसाठी न्हाणीघर ना? आठवड्यात बांधतो."

आणि खरंच बांधलं! चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, लोखंडी दार, आतून-बाहेरून कडी. मला इतका आनंद झाला की मी बाजारातून मुलीसाठी चंदनाचा साबण आणला. तिची आई दाराला हळद-कुंकू लावत होती. शेजारणी हसत होत्या. त्या दिवशी त्या सगळ्यांनी तिथे आंघोळ केली.

दोनच दिवसांनी वळवाची सर येऊन गेली. सकाळी बघते तर न्हाणीघराला कुलूप. फटीतून बघितलं, आत छतापर्यंत सिमेंटच्या गोणी.

सुपरवायझर माझ्यावर चिडला नाही, उलट समजावत होता. "बाई, साइटवर दार आणि कुलूप असलेली एवढी एकच जागा. सिमेंट भिजलं की त्याचा दगड होतो. उघड्यावर ठेवू?"

ठेकेदाराला फोन केला. तो तितकाच नम्र होता. "पावसापुरतंच, बाई. गणपती झाले की मोकळं करून देतो."

आरडाओरडा केला असता, पण कुणावर? सगळेच मला मान देत होते. घरी येऊन मी रडले. चिडून रडले, आणि रडून काही होत नाही म्हणून आणखी चिडले.

शाळेला सुट्टी लागली आणि त्यांची गावी जायची तयारी सुरू झाली. मी जाऊन कायदा सांगितला. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, पोलीस येतील, हेही सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं. तवर मी हिला कुठं ठेवू, आक्का? तुमीच सांगा."

"माझ्याकडे ठेव."

"परक्याकडं पोरगी ठिवली तर आमच्यातली मानसं तोंडात श्यान घालतील."

मुलगी दप्तर आवरत होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती गेल्यावर मी मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. समोरच्या बाईने चांगलं बोलून गावाचं नाव विचारलं. मला ते माहीत नव्हतं. विजापूरकडचं, इतकंच. खोल्यांमधल्या बायकांना विचारलं तर एकीलाही मराठी समजेनाशी झाली.

जूनमध्ये आई एकटी परत आली. कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. या खेपेला वॉचमनने तिला अडवलं नव्हतं. मी लग्नाचं विचारलं नाही, तिनेच 'झालं' अशी मान हलवली. मला रडू फुटलं. तशी तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"रडू नका, आक्का. चांगलं घर हाय," ती म्हणाली. "न्हाणीला दार हाय."