वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर

मॉडेलताई आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं होत्या. मी नकाशे काढायचो आणि त्या माझ्याच नकाशांवरून पुठ्ठ्याच्या इमारती करायच्या. कटर, पोलादी पट्टी, गोंद आणि पांढरा पुठ्ठा एवढ्या सामानावर त्यांनी शाळा उभ्या केल्या, इस्पितळं उभी केली, एकदा तर अख्खी वसाहत उभी केली. "माझी घरं कधी गळत नाहीत," त्या म्हणायच्या, "कारण त्यांत राहायला कुणी येत नाही." जिन्याची पायरी मिलिमीटरभर चुकली तर मला नकाशासकट समोर उभं करायच्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर घरात त्या आणि त्यांचा भाऊ, दोघंच. भाऊ पन्नाशीला टेकला तरी त्यांच्या तोंडी तो "आमचा धाकटा"च.

धाकटा आचारी होता. एका मोठ्या हॉटेलात फ्रेंच पद्धतीचं जेवण करायचा. कामावरून आला की बूट काढता काढता त्याचं सुरू व्हायचं: आपलं स्वतःचं रेस्टॉरंट. लहानसं, फ्रेंच धाटणीचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर, राखाडी उतरत्या छपराचं. ताई घरी आणलेल्या पुठ्ठ्यावर कटर चालवत "हं" म्हणायच्या.

"ऐकतेयस ना, ताई?"

"ऐकतेय की."

हे बारा वर्षं चाललं.

मग एका सकाळी धाकटा आंघोळीला गेला तो तिथेच कोसळला. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द मागे राहिला: "बरं". पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, पाय दुखला तरी बरं. डॉक्टर म्हणाले, त्याला कळतं सगळं, पण शब्द हाताशी येत नाहीत. लिहिणंही तसंच गेलं. मान हलवायचा, तीही हो म्हणायचं असताना नाही अशी हलायची, आणि आपण चुकलो हे कळून तो डोळे मिटून घ्यायचा.

ताईंनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी त्यांनी कटर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता पायऱ्या चुकल्या तरी चालतील तुमच्या." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

धाकट्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी सुचवलं, डाव्या हाताला काहीतरी काम द्या. एकमेकांत बसणारे खेळण्यातले ठोकळे मिळतात ना, ते आणा.

"लहान मुलांचे?" ताईंनी विचारलं.

"हाताला कुठे वय कळतं?" बाई म्हणाल्या.

पहिले काही आठवडे धाकटा नुसते मनोरे रचायचा आणि पाडायचा. मग एका दुपारी ताई भाजी निवडत बसल्या होत्या, तर त्यांना दिसलं की टेबलावर चार अरुंद खिडक्या ओळीनं उभ्या आहेत आणि वर राखाडी तिरप्या तुकड्यांची एक रांग बसते आहे. त्या हातातली जुडी तशीच घेऊन उठल्या.

"हे तुझं रेस्टॉरंट आहे का?"

"बरं," धाकटा म्हणाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

त्या दिवसापासून ताईंनी त्या कामाला वाहून घेतलं. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचो, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारती केलेली ही बाई पहिल्यांदा आपल्या माणसाची इमारत करत होती. ठोकळे गोंदानं चिकटवायचे नाहीत, कापायचे नाहीत, असा त्यांनी स्वतःलाच नियम घालून घेतला. ज्या मापाचा तुकडा बाजारात मिळतो, त्याच मापात बसलं पाहिजे. छपराचा तो खास फ्रेंच उतार, खाली जवळजवळ उभा आणि वर आडवा, साधायला पाच आठवडे गेले. छपरातून डोकावणाऱ्या गोल खिडक्या, दारावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा छज्जा, फुटपाथवर तीन गोल टेबलं, कोपरा कापून काढलेलं दार. दर्शनी भिंत पुस्तकासारखी उघडायची, म्हणजे आतलं दिसेल. खाली बसायची खोली केली. चूल, ओट्याची फळी, टांगलेली भांडी असं सगळं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर गेलं, कारण खाली जागाच उरली नव्हती.

आणि धाकटा त्या स्वयंपाकघराच्या हात धुऊन पाठीमागे लागला. ताई जरा आत गेल्या की तो डाव्या हातानं चूल उचकटायचा, भांडी ओढून काढायचा. तुकडे खाली दारापाशी पडायचे. एका रविवारी माझ्यासमोरच झालं. चूल त्याच्या हातातून सुटली, फुटपाथवर आपटली, तो माझ्याकडे बघून "बरं, बरं, बरं" म्हणत राहिला, आवाज चढत गेला. मी तुकडे गोळा केले आणि चूल परत वर नेऊन ठेवली.

"हातावर ताबा नाही त्याचा," मी म्हणालो.

"चौथ्यांदा बसवतेय मी," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "धाकट्या, तुझ्याचसाठी करतेय ना रे हे?"

शेवटी त्यांनी इमारत खिडकीजवळच्या उंच कपाटावर ठेवून दिली. तिथे त्याचा हात पोचत नव्हता. तो खुर्चीतून वर बघत राहायचा. मग तेही त्यानं सोडलं.

आठव्या महिन्यात काम पुरं झालं. ठोकळ्यांच्या इमारती करणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात भरायचं होतं. खोकं मी उचललं, ताईंनी धाकट्याची चाकाची खुर्ची ढकलली. लोकांनी गर्दी केली. परीक्षकांनी छपरासमोर वाकून एकमेकांना कोपरानं ढोसलं. ताईंच्या गालावर मी कित्येक वर्षांनी रंग पाहिला.

तेवढ्यात एक जाडसर गृहस्थ धाकट्याला मिठी मारायला वाकला. हा त्याच्याच हॉटेलातला पेस्ट्रीवाला. चौदा वर्षं दोघं एका ओट्यावर काम केलेले. इमारतीकडे बघून त्याचे डोळे भरले.

"हेच हो. हेच छप्पर, हाच कोपरा. डोकं खायचा आमचं." मग त्यानं भिंत उघडून आत पाहिलं. "स्वयंपाकघर वर का नेलं, ताई?"

"खाली जागा नव्हती."

"अहो, पण सगळी गंमत तीच होती त्याची. स्वयंपाकघर अगदी दारात. येणाऱ्यानं चुलीजवळून जायचं, रस्त्यावरच्यानं आचाऱ्याचे हात बघायचे. आम्हाला आयुष्यभर तळघरात ठेवलं, म्हणायचा, माझ्याकडे आचारी उजेडात उभा राहील." तो थांबला. "तुम्हाला बोलला असेलच की. रोज बोलायचा."

मला चूल परत वर ठेवणारा माझाच हात दिसत होता. ताई खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या.

"तू खाली आणत होतास ना ती? दारापाशी? हेच सांगत होतास?"

धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो समोरच्या फरशीकडे बघत होता. त्याचा तो एक शब्दही त्यानं काढला नाही.

परीक्षकांनी दुसरा क्रमांक दिला. बक्षिसाची फीत घ्यायला मीच गेलो.

त्याच आठवड्यात ताईंनी इमारत खोलली. छप्पर बाजूला ठेवलं, वरचा मजला रिकामा केला आणि सगळे तुकडे धाकट्यासमोर मांडले. "आता तू कर. मी नुसते तुकडे देते." तीन दिवस त्यानं हात लावला नाही. चौथ्या दिवशी चूल उचलून दाराच्या डावीकडे ठेवली, मग थोडी मागे सरकवली, परत पुढे आणली. ताईंनी मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्यांना धाप लागली होती. पुढच्या आठवड्यात त्याला दुसरा झटका आला. डाव्या हाताची बोटंही मिटली, ती उघडली नाहीत. व्यायामाच्या बाई दोन महिने येत राहिल्या, मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की आता यात अर्थ नाही.

मी अजून रविवारी जातो. टेबलावर दर्शनी भिंत अर्धी उभी आहे, आत एकटी चूल. दोघांची ताटं टेबलाच्या उरलेल्या कडेला मावतात. मागच्या खेपेला मी धीर करून म्हणालो, "ताई, मी नकाशा काढून देतो. पुरं करून टाकू."

"काढाल हो. नकाशा तुमचा बरोबर येईल, मॉडेल माझं बरोबर होईल," त्या म्हणाल्या. "पण दार केवढं? चुलीपासून पहिलं टेबल किती लांब? भांडी डोक्यावर टांगायची की मागे? हे सगळं त्यानं सांगितलंय मला, नकाशेवाले. बारा वर्षं सांगितलंय. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही."

धाकट्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. त्यांनी खांदे धरले, मी पाय धरले, आणि आम्ही त्याला भिंतीकडे तोंड करून निजवलं.