खर्जकाकांची ओळ

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसाने गावभर गायलं जाणारं गाणं लिहिलंय, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटेल? म्हणून खर्जकाकांनी कधी सांगितलंच नाही. शिवाय सांगायची सोय त्यांनी स्वतःच बंद करून ठेवली होती. एकतीस वर्षांपूर्वी गायनवृंद सुरू झाला, तेव्हा ठराव झाला की गाणं सगळ्यांचं, कागदावर कवीचं नाव घालायचं नाही. ठरावाला पहिला हात यांचाच. तरुणपणी माणूस काय काय करून बसतो!

त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला. भांडण कशावरून, तर वडिलांचं घड्याळ कोणी वापरायचं यावरून. चार दिवसांत राग उतरेल नि येईल, अशी यांची खात्री. त्या खात्रीच्या भरात त्यांनी एका बैठकीत गाणं लिहिलं, चालही लावली. शेवटची ओळ होती, ‘गेलेले सारे परत येतात, वाट तेवढी पाहा.’ भाऊ आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. गाणं मात्र शाळांत गेलं, दुसऱ्या वृंदांनी उचललं, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर कोणीतरी ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळं झालं.

वृंदातले जुने लोक एकेक करून गेले. खालच्या पट्टीत गाणारे हे एकटे उरले, म्हणून नावच खर्जकाका पडलं. घरी दोन खोल्या आणि एक माणूस. एकट्यापुरता भात त्यांना कधी जमला नाही. सकाळचा उरायचा, तोच संध्याकाळी. मंगळवारी आणि शुक्रवारी तालीम, तेवढाच माणसांचा आवाज. ती शेवटची ओळ आली की काका नुसते ओठ हलवायचे. चाळीस गळ्यांत एक गप्प राहिला तर कोणाला कळतंय?

यंदा त्यांच्या मनाने घेतलं, की ही थाप आपण मारलीय, आपणच निस्तरायची. त्याच चालीत बसणारी नवी ओळ लिहून त्यांनी वृंदाच्या संचालिकेपुढे ठेवली: ‘असतील तिथे सुखात असोत, एवढे म्हणत राहा.’ भावाला मुलगी असती तर एवढीच असती, अशा वयाची ती पोर.

“काका, पारंपरिक गाण्यात असं आपल्या मनानं नाही हो करता येत.”

“ते मीच लिहिलंय.”

“मग चंद्रही काकांनीच टांगला असेल!” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. अख्खा हॉल हसला. संचालिका त्या माणसावर डोळे वटारायला गेली, पण हसू तिलाही आवरेना. काकाही हसले. साक्ष द्यायला कोणी उरलेलं नसताना दुसरं करणार काय?

पण मनातून त्यांना ते फार लागलं. वृंदाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी शेवटची ओळ आली, तेव्हा एकोणचाळीस जणांनी जुनी म्हटली आणि काकांनी छाती भरून आपली नवी. आवाज बुडाला. संचालिकेची मानही वळली नाही.

कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली.

“तुम्ही शेवटी काही वेगळं म्हणालात का हो? मी अगदी समोर होते.”

काकांचा चेहरा उजळला. “तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं ना. जीवच घाबरला माझा. मुलगा घर सोडून गेलाय हो, अकरा वर्षं झाली. दर वर्षी त्या एका ओळीसाठी येते मी. ती बदलली की काय?”

काका पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले.

“नाही, नाही. ओळ तीच. मी चुकलो.”

“परत येतात, हीच ना?”

“हीच.”

“कोणी लिहिलीय हो ती?”

“कोणा एकट्यानं नाही, आजी,” काका म्हणाले. “पुष्कळ जणांनी मिळून.”

“मग खरीच असणार,” म्हातारी म्हणाली, आणि त्यांचा हात धरून सावकाश दाराकडे निघाली.