चाकाखालचा दगड

दहिवलीत पांडू ओव्हाळचं गॅरेज शोधायला पाटी लागत नाही. "ब्रेकवाला पांडूमामा कुठे?" एवढं विचारलं की कुणीही हात करून दाखवतो. पस्तीस वर्षं या माणसानं एकच काम मन लावून केलं. इंजिन, गिअर, डेंटिंग ही दुसऱ्यांची कामं, असं तो तोंडावर सांगायचा. "गाडी पळवणारे छप्पन मिळतील, थांबवणारा लागतो," हे वाक्य गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकावं लागे. त्याचा तोरा होता खरा, पण खोटा नव्हता. त्याच्याकडून गेलेली एकही गाडी ब्रेक न लागल्यामुळे कुणाच्या अंगावर गेली नव्हती. साठीला आलेल्या पांडूकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

पळसदरीच्या पुढे डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे. तिथल्या विकासची जुनी व्हॅन म्हणजे अख्ख्या वाडीची गाडी. भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका, शाळेची पोरं, तापानं फणफणलेलं माणूस, सगळे त्यातच. उतार असा की खाली येईपर्यंत मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम तापून लाल व्हायचे, आणि पावसाळ्यात त्यांत पाणी शिरलं की पेडल दाबूनही गाडी तिच्या मर्जीनं थांबायची. यंदा श्रावणात ती पोरांसकट वळणावरून पुढे गेली आणि नशिबानं चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी विकास गॅरेजात येऊन उभा राहिला.

"मामा, मागं डिस्क बसवा. मला रातची झोप नाय."

पांडूलाही हेच हवं होतं. भंगारातल्या एका गाडीचे डिस्क आणि ते दोन्ही बाजूंनी आवळणारे कॅलिपर त्यानं आणले, खोपोलीच्या लेथवाल्याकडून बसवायच्या पट्ट्या करून घेतल्या, आणि मोकळा वेळ मिळेल तसं काम करत दिवाळीनंतर ते संपवलं. मध्येच एकदा डावा कॅलिपर उजवीकडे लावून बसला. ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं तोंड खाली गेलं, हवा वर अडकली, पेडल ओल्या पावासारखं दबायला लागलं. स्वतःलाच दोन शिव्या घालून त्यानं सगळं उलगडलं आणि परत जोडलं. मग पेडल असं टणक झालं की पांडू गाडीत बसून उगाच चार वेळा दाबत राहिला.

राहिला हँडब्रेक. त्याची केबल ड्रमच्या आतच जोडलेली असते. ड्रम गेला की हँडब्रेकही गेला. हँडब्रेकची सोय असलेले कॅलिपर वेगळे येतात आणि भंगारवाल्याकडे ते नव्हते. पांडूनं डोकं खाजवलं आणि विचार केला, या डोंगरात हँडब्रेक ओढतो कोण? जो तो चाकाखाली दगड लावतो. विकासची गाडी तर पहिल्या गिअरात उभी केली तरी उतारावर गिअर सुटायचा. ते पांडूला माहीत होतं, पण गिअर हे त्याचं काम नव्हतं. हँडब्रेकची केबल वर्षानुवर्षं गंजून बसलेली होती आणि सीटखाली पाचरीसारखा काळा दगड कायमचा ठेवलेला होता. पांडूनं केबल कापली, टोक बांधून टाकलं, आणि त्यात सांगायचं ते काय म्हणून विकासला काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी विकास गाडी घेऊन गेला. दुपारी ठकूबाई, पांडूची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली. बाकावर डबा ठेवताना तिचा हात थांबला.

"अवो, यो दगड बरा हाय. न्यायचा ना घरी?"

"कुठला दगड?"

"इकासचा. सकाळी मी चा आनला, तुमी हात धूत व्हता, तवा ठेवून गेला. म्हनला, मामी, लोणच्याच्या बरणीवर ठेवा, आमाला आता नको. डिस्क बसली, हँडब्रेक लागंल आता."

पांडूनं दगडाकडे पाहिलं. त्याचं एक अंग टायर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. आपण दगडाच्या भरवशावर हँडब्रेक काढला आणि पोरानं आपल्या भरवशावर दगड टाकला. दांडा ओढला की अजूनही कटकट वाजणार, विकासला वाटणार लागला, आणि मागच्या चाकांना त्याचा पत्ताही नसणार.

त्यानं फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

"जेवून तरी जा," ठकूबाई म्हणाली, पण तोवर पांडूनं दगड स्कूटरवर पायांपाशी ठेवून किक मारली होती.

शनिवार म्हणजे मुंबईच्या गाड्या. फार्महाउस शोधत, रस्त्याच्या मधोमध थांबून नकाशा पाहत सगळे चालले होते. पांडूनं एरवी चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज तो नुसता हॉर्न वाजवत कडेच्या मातीतून पुढे काढत राहिला. डोळ्यांपुढून वाडीचा उतार हलत नव्हता. वर विकासच्या घरापुढे गाडी लावायची जागा, खाली सरळ उतार, आणि वळणावर हातपंप. हातपंपावर या वेळेला बायका असतात आणि बायकांबरोबर पोरं. एवढ्या वर्षांची अब्रू आज जाते की काय, हा विचार मनात आला, आणि लगेच त्याला स्वतःचीच किळस आली. अब्रू गेली चुलीत. माणसं राहू देत.

डांबर संपलं तशी स्कूटर धापा टाकायला लागली. हातपंपावर खरंच पाच-सहा जणी होत्या आणि चिखलात दोन पोरं खेळत होती.

"बाजूला व्हा! पोरं उचला आदी!" पांडू ओरडला. त्या नुसत्या बघत राहिल्या.

वर व्हॅन उभी होती, तोंड उताराकडे. आत एकटी चिंधी बसली होती, विकासची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आज कर्जतला दाखवायला न्यायची होती. विकास तिचे कागद आणायला घरात गेला होता. पांडूनं स्कूटर आडवी टाकली, दगड छातीशी धरला आणि चढ चढायला लागला. वीस पावलं राहिली असतील, तोच गाडीतून खट्ट असा आवाज आला. गिअर सुटला.

व्हॅन हलली. अगदी हळू, जणू आत कुणी ड्रायव्हर बसलाय.

"निघालास का रं इकास?" चिंधीनं आतून विचारलं.

पांडू कसा धावला ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्यानं पुढच्या चाकासमोर दगड टाकला. चाकानं दगड वीतभर ढकलत नेला, मग त्याच्यावर चढायला लागलं आणि अर्ध्यावर थबकलं. पांडूनं दार उघडलं, आत आडवा पडला आणि दोन्ही हातांनी पेडल दाबून धरलं. पेडल दगडासारखं टणक होतं. दोन महिन्यांचं काम अगदी बिनचूक होतं, फक्त त्यावर कुणाचा पाय नव्हता.

विकास कागद टाकून धावत आला. खालून बायकाही आल्या, आता पोरांना काखेत घेऊन. विकासनं पेडलवर पाय ठेवला तेव्हा पांडू बाहेर आला. खोटं बोलायला वाव होता. केबल तुटली म्हटलं असतं तर कुणी गाडीखाली वाकून पाहणार नव्हतं.

"केबल मी कापली," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "हँडब्रेक जोडलाच नाय. तू दगड लावतोस म्हनून. अन् तुला बोललो बी नाय. गॅरेजात तुझा दगड बघितला, तवा तो घेऊन पळत आलो. चूक माझी हाय."

विकासनं हातपंपाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मान फिरवली. ती मान फिरवणं पांडूला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"आन् दगड दहिवलीवरनं आनलास व्हय रं?" आतून चिंधी म्हणाली. "हितं काय दगडांचा तोटा हाय?"

एक बाई फिसकन हसली. मग चिंधी हळूच म्हणाली, "मी सकाळीच बोलले याला, बाबा, दुसरा धोंडा लाव. तर म्हनतो, आये, पांडूमामानं हात लावलाय. आता धोंडा नको."

पांडू मटकन खाली बसला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही.

चिंधीला कंटाळा आला असावा.

"आता नेताय का मला, का आजचा दिस बी गेला?"

"मावशी, या गाडीत बसशील अजून?"

"का नाय? तू आलास ना पळत."

विकासनं पाय पेडलवरून न काढता शेजारच्या सीटकडे सरकून पांडूला जागा करून दिली. पांडू स्टिअरिंगमागे बसला, ब्रेक दाबला, मग विकास खाली उतरून चाकाखालचा दगड काढून घेऊन आला. व्हॅन उतारावरून कर्जतकडे निघाली. उतार संपेपर्यंत पांडूचा पाय ब्रेकवरून हलला नाही, आणि विकासनं दगड मांडीवर धरून ठेवला होता.